नलगोंड्याचें पाणी आणि नागपूरची विद्या

श्रोतेहो, पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसलें आणि जिभेला गोड लागलें, कीं तें निर्दोष आहे असें आपण धरून चालतों. घरोघरच्या परंपरेनें आपल्याला हीच शिकवण दिली आहे. पावसाळ्यांत नदीचें पाणी गढूळ झालें म्हणजे हंड्यांत तुरटीचा खडा फिरवावा, अथवा निवळीचें बीं उगाळून टाकावें. गाळ तळाशीं बसला म्हणजे वरचें नितळ पाणी फडक्यानें गाळून घ्यावें, आणि घरांत कोणी आजारी असेल तर तें उकळून प्यावें. या आचारांत पुष्कळ शहाणपण आहे. परंतु असेंहि एक द्रव्य आहे, कीं जें नितळ पाण्यांतच राहतें. ज्याला रंग नाहीं, वास नाहीं. जें फडक्यानें गाळलें जात नाहीं, आणि पाणी उकळलें तर वाफ उडून गेल्यावर मागें उरलेल्या पाण्यांत ज्याचें प्रमाण उलट वाढतें. त्याचें नांव फ्ल्युओराइड. जमिनीच्या पोटांतील पाण्यांतून हें द्रव्य वेगळें कसें काढावें, या प्रयत्नांचा इतिहास आज मी आपल्यापुढें थोडक्यांत मांडणार आहें. त्या इतिहासांत आपल्या नागपूरचा वाटा मोठा आहे. आणि नागपुरांत सिद्ध झालेल्या विद्येचें पुढें गांवोगांवीं काय झालें, हा भाग त्याहूनहि अधिक विचार करण्यासारखा आहे.

या कथेचा आरंभ झाला तो दांतांच्या डागांपासून, आणि तोहि दूर अमेरिकेंत. १९०१ सालीं फ्रेडरिक मॅके नांवाचा एक तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गांवीं व्यवसायासाठीं येऊन राहिला. तेथील कित्येक रहिवाशांच्या दांतांवर तपकिरी डाग असल्याचें त्याला आढळलें. गांवच्या लोकांना त्यांचें कांहींच नवल उरलें नव्हतें. मॅकेनें मात्र त्या डागांचा पिच्छा तीस वर्षें सोडला नाहीं. १९०९ पासून जी. व्ही. ब्लॅक हे नामांकित दंतशास्त्रज्ञ त्याला येऊन मिळाले, आणि १९१५ सालीं त्यांचा मृत्यु होईपर्यंत दोघांनीं मिळून हें काम चालविलें. त्यांना दिसून आलें तें असें, कीं लहानपणीं, म्हणजे कायमचे दांत हिरड्यांच्या आंत घडत असतांना, ज्यांनीं त्या गांवचें पाणी प्यालें त्यांनाच हे डाग पडतात; मोठेपणीं येऊन स्थायिक झालेल्यांना पडत नाहींत. यावरून संशय पाण्यावर येत होता. परंतु त्या काळच्या सामान्य पृथक्करणांत पाण्यामध्यें कांहींच वावगें सांपडेना.

पुढें आयडाहो संस्थानांतील ओकले या गांवीं एक बोलका अनुभव आला. तेथील मुलांचे दांत डागाळूं लागले, आणि आयांच्या लक्षांत आलें, कीं दूरच्या एका उष्ण झऱ्याचें पाणी नळानें गांवांत आणल्यापासून हा प्रकार सुरू झाला आहे. १९२५ सालीं गांवानें तो नळ सोडून दिला व दुसऱ्या झऱ्याचें पाणी घेतलें. कांहीं वर्षांनीं ज्या मुलांना नवे दांत आले ते स्वच्छ होते. कारण अद्याप कोणालाच ठाऊक नव्हतें. तरी पाण्याचा उगम बदलून उपाय मात्र साधला होता.

कारण हातीं लागलें तें १९३१ सालीं. आर्कन्सॉ संस्थानांतील बॉक्साइट हें अॅल्युमिनियम कंपनीच्या कामगारांचें गांव. तेथेंहि मुलांचे दांत असेच डागाळले होते. अॅल्युमिनियमच्या भांड्यांमुळें विषबाधा होते अशी बोलवा त्या काळीं होतीच. तिला या डागांनीं बळकटी येईल या भीतीनें कंपनीचे मुख्य रसायनज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनीं त्या पाण्याची वर्णपट-पद्धतीनें अगदीं बारकाईनें तपासणी करविली. तींत अॅल्युमिनियमचा दोष निघाला नाहीं; निघालें तें फ्ल्युओराइड, दर दहा लाख भागांत १३.७ भाग इतकें. ज्या धातूवर आळ आला होता तो निर्दोष ठरला; इतकेंच नव्हे, तर त्याच धातूचा एक क्षार पुढें या रोगाच्या निवारणास उपयोगीं पडावयाचा होता. तो क्षार म्हणजे आपली ओळखीची तुरटी.

येथें एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. फ्ल्युओराइड हें सर्वथा विषच आहे असें नव्हे. ट्रेंडली डीन या अमेरिकन संशोधकानें गांवोगांवच्या मुलांचे दांत तपासून दाखविलें, कीं दर लिटरमागें सुमारें १ मिलिग्रॅम फ्ल्युओराइड असलेल्या पाण्यानें दांत कमी किडतात. आणि १९४५ सालीं ग्रँड रॅपिड्स या शहरानें पिण्याच्या पाण्यांत तें मुद्दाम मिसळण्यास आरंभ केला. म्हणजे येथें सर्व प्रश्न प्रमाणाचा आहे. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत दर लिटरमागें १ मिलिग्रॅमपर्यंत फ्ल्युओराइड असावें, आणि दुसरा उगमच नसेल तर फार तर १.५ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाहि १.५ मिलिग्रॅमच आहे.

ही मर्यादा पुष्कळ ओलांडली गेली म्हणजे काय होतें, तें दांतांच्या डागांवरून कळत नाहीं. १९३२ सालीं कोपनहेगन येथें क्रायोलाइट नांवाचें फ्ल्युओरीनयुक्त खनिज दळणाऱ्या कामगारांचीं हाडें अस्वाभाविक रीतीनें घट्ट झालेलीं क्ष-किरणांच्या चित्रांत दिसलीं. आणि १९३७ सालीं मद्रास इलाख्यांत डॉक्टर शॉर्ट व त्यांचे सहकारी यांनीं नेल्लोर जिल्ह्यांतील रोग्यांविषयींचा आपला निबंध प्रसिद्ध केला. हे रोगी कारखान्यांत काम करणारे नव्हते. साधे खेडुत होते. त्यांची मान वळत नव्हती, पाठीचा कणा ताठून एखाद्या काठीसारखा झाला होता, आणि कित्येकांना आधारावांचून उठतांहि येत नव्हतें. त्यांनीं आयुष्यभर आपल्या गांवच्या विहिरीचें पाणी प्यालें, एवढाच त्यांचा अपराध.

शरीरांत घडतें तें असें: फ्ल्युओराइड हाडांच्या खनिज द्रव्यांत शिरून तेथें ठाण मांडतें; हाड अधिक घट्ट, पण ठिसूळ होतें; सांध्यांजवळच्या बंधांत चुना सांठूं लागतो; आणि कण्यांतून जाणारे ज्ञानतंतु आवळले जातात. हा व्यापार वर्षानुवर्षें गुपचूप चाललेला असतो. एकदां हाडें वांकलीं म्हणजे त्यांना पूर्ववत् करणारें औषध नाहीं. म्हणून या रोगाशीं झगडावयाचें तें विहिरीच्या कांठींच झगडावें लागतें.

आतां हें द्रव्य पाण्यांत येतें कोठून? कोणी मिसळल्यानें नव्हे. नलगोंडा हा एके काळीं निजामच्या राज्यांतला, पुढें आंध्र प्रदेशांतला आणि २०१४ पासून तेलंगणांतला जिल्हा. तेथील भूमि ग्रॅनाइटची आहे, आणि त्या खडकांतील कांहीं खनिजांत फ्ल्युओराइड असतें. पावसाचें पाणी खडकाच्या भेगांतून मुरत वर्षानुवर्षें खालीं राहिलें म्हणजे तें त्यांत विरघळतें. ज्या पाण्यांत चुन्याचा अंश कमी आणि सोड्याचा अंश अधिक, तें पाणी फ्ल्युओराइड अधिक धरून ठेवतें. असें पाणी पुष्कळदां मऊ लागतें, त्यांत डाळ लवकर शिजते, साबणाला फेंस चांगला येतो. तेव्हां गृहिणीला तें चांगलेंच वाटावें यांत आश्चर्य नाहीं.

येथें इतिहासानें एक विचित्र वळण घेतलें. आपल्याकडे उघड्या विहिरी व पायविहिरी यांच्या पाण्यानें पटकी पसरे, नारू होई. म्हणून खोल भोंक पाडून झांकलेलें पाणी हातपंपानें उपसावें, हा मार्ग सर्वत्र स्वीकारण्यांत आला. १९६७ सालीं युनिसेफ या संस्थेनें कठीण खडक फोडणारीं यंत्रें भारतांत आणलीं. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत विंधन विहिरींचें महत्त्व सर्वांस पटलें. आणि जालना व सोलापूर येथें घडलेल्या मजबूत हातपंपांच्या अनुभवावरून पुढें ‘इंडिया मार्क २’ हा पंप तयार होऊन देशभर गेला. यांत झालेला लाभ खरा आहे. २००० सालीं भारत नारूपासून मुक्त झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें, त्यांत या पंपांचाहि वांटा आहे. परंतु पाण्याची परीक्षा करतांना जंतु आहेत कीं नाहींत हें प्रथम पाहिलें जाई. खडकानें त्यांत काय मिसळलें आहे याची चौकशी मागाहून होई. शिवाय जों जों भोंक खोल जाई, तों तों अनेक ठिकाणीं फ्ल्युओराइडचें प्रमाण वाढत जाई. एका रोगापासून सुटका करणाऱ्या पंपानें कित्येक गांवांच्या दारांत दुसरा रोग आणून ठेवला.

मग हें द्रव्य काढावें कसें? तुरटीनें फ्ल्युओराइड कमी होतें, हें बोरफ या अमेरिकन रसायनज्ञानें १९३४ सालींच दाखविलें होतें. पुढें १९५२ सालीं टेक्सासमधील बार्टलेट या गांवीं संस्कारित अॅल्युमिनाच्या थरांतून पाणी गाळण्याचें केंद्र निघालें. अन्यत्र हाडांच्या कोळशाचा उपयोग झाला. हाडाच्या कोळशाचा गुण निर्विवाद आहे, पण आपल्या समाजांत पिण्याचें पाणी हाडांतून गाळून घेण्यास किती घरें राजी होतील हें सांगणें नको.

आपल्या देशांत हा प्रश्न नागपुरानें हातीं घेतला. १९५८ सालीं तेथें सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधनसंस्था स्थापन झाली. १९७४ पासून ती ‘नीरी’ या नांवानें ओळखली जाते. तेथील संशोधकांनीं आरंभीं आम्लाचा संस्कार केलेला कोळसा व तत्सम द्रव्यें वापरून पाहिलीं. या थरांतून पाणी गाळलें कीं फ्ल्युओराइड अडकून राही. पण थर भरून गेला म्हणजे तो पुन्हां ताजा करण्यास कुशल माणूस लागे, आणि खर्चहि येई. खेड्यांत ही व्यवस्था चालेना. तेव्हां त्यांनीं गांवच्या वाण्याकडे मिळणाऱ्या दोन वस्तूंकडे लक्ष वळविलें: तुरटी आणि चुना. नवलाखे, कुलकर्णी, पाठक व बुलुसु या चौघांचा या रीतीवरील निबंध १९७५ सालीं प्रसिद्ध झाला, आणि ज्या जिल्ह्याच्या दुःखासाठीं ती शोधली त्याच जिल्ह्याचें नांव तिला मिळालें: नलगोंडा पद्धति. १९८० सालीं त्याच जिल्ह्यांत संबंध गांवासाठीं पाणी शुद्ध करणारें पहिलें केंद्र उभें राहिलें.

ही रीत सांगण्यास फार सोपी आहे. सुमारें ४० लिटरची एक बादली घ्यावी. तिला तळापासून चार बोटें वर तोटी बसविलेली असावी. पाण्यांत प्रथम थोडा चुना आणि किंचित् विरंजक चूर्ण टाकावें, मग तुरटीचें पाणी ओतावें. आरंभीं जोरानें व मागाहून दहा मिनिटें हळूहळू ढवळावें. तुरटीपासून अॅल्युमिनियमचे कापसासारखे पुंजके बनतात. ते फ्ल्युओराइडला आपल्या अंगाला चिकटवून घेतात. तासभर बादली हलवूं नये. पुंजके तळाशीं बसले म्हणजे तोटीनें वरचें पाणी काढून घ्यावें, आणि तळाचा गाळ टाकून द्यावा. चुना तुरटीच्या सुमारें विसाव्या ते पंचविसाव्या हिश्शाइतका लागतो. त्यामुळें पाणी आंबट होत नाहीं आणि पुंजके नीट बनतात. वीज नको, परदेशी यंत्र नको. ही रीत पुढें आफ्रिकेंत टांझानिया व इथिओपिया येथेंहि नेण्यांत आली.

श्रोतेहो, येथेंच ही कथा संपती तर किती बरें झालें असतें! परंतु सोपी रीत आणि रोज पाळली जाणारी रीत यांत अंतर आहे. गढूळ पाणी निवळण्यास तुरटी अगदीं थोडी लागते; फ्ल्युओराइड काढण्यास दर लिटरमागें शेंकडों मिलिग्रॅम लागते. ५०० मिलिग्रॅम धरली तरी एका बादलीला २० ग्रॅम, म्हणजे महिन्याला ६०० ग्रॅम तुरटी झाली. तीहि सर्व गांवांना सारखी नव्हे. पाण्यांतील फ्ल्युओराइड किती आणि क्षारता किती, यांवर मात्रा ठरते, म्हणून प्रत्येक विहिरीचें पाणी आधीं तपासावें लागतें. मात्रा चुकली तर एक तर फ्ल्युओराइड मागें राहतें, नाहीं तर अॅल्युमिनियम पाण्यांत उरतें. तुरटींतील गंधकयुक्त क्षारानें चव बदलते. पाणी मुळांतच फार खारट असेल तर ही रीत उपयोगाचीच नाहीं. आणि जो गाळ उरतो त्यांत काढलेलें फ्ल्युओराइड असतें. तो विहिरीजवळच टाकला, तर आपण काय साधलें?

याहून मोठी अडचण माणसाची. हें सर्व काम घरीं करावयाचें म्हणजे बहुधा घरच्या बाईनें करावयाचें: पाणी भरून आणल्यावर पुन्हां मोजावें, ढवळावें, तासभर वाट पहावी, गाळ दूर नेऊन टाकावा, आणि हें एक दिवस नव्हे, जन्मभर. या श्रमाचें फळ तर डोळ्यांना कधींच दिसत नाहीं. शुद्ध केलेलें पाणी व न केलेलें पाणी दोन्ही सारखींच नितळ. आणि रोग टळला तर तो दहा-वीस वर्षांनीं टळणार. गांवासाठीं बांधलेल्या केंद्रांचीहि तीच गत. तेथें तुरटी वेळेवर पोंचली पाहिजे, चालविणाऱ्याला वेतन मिळालें पाहिजे, बिघाड झाला तर कोणी यावयास पाहिजे. अशीं अनेक केंद्रें कांहीं वर्षांत बंद पडलीं. तीं बंद पडलीं तीं रसायनशास्त्र खोटें ठरलें म्हणून नव्हे. केंद्र उभें करण्यासाठीं पैसा मंजूर झाला, पण तें रोज चालविण्याचें काम कोणाचें, हें कोणी ठरविलें नव्हतें म्हणून.

नलगोंड्याच्या लोकांनीं आपलें गाऱ्हाणें शेवटीं निराळ्याच वाटेनें देशाच्या कानीं घातलें. १९९६ च्या लोकसभा निवडणुकींत त्या एकाच मतदारसंघांत ४८० उमेदवार उभे राहिले. आमच्या पाण्याकडे पहा, एवढेंच त्यांतील बहुतेकांना सांगावयाचें होतें. त्यांची मुख्य मागणी तुरटीची नव्हती. कृष्णेच्या पाण्याची होती. ओकलेच्या आयांनीं १९२५ सालीं जें केलें, तेंच त्यांनीं मागितलें: उगम बदला. नदीचें पाणी पावसाचें, खडकाशीं थोडा काळ संबंध आलेलें. त्यांत फ्ल्युओराइड कमी. कालांतरानें कृष्णेचें पाणी नळांनीं त्या भागांत पोंचूं लागलें, आणि २०१६ सालीं सुरू झालेल्या ‘मिशन भगीरथ’ या योजनेनें तें काम तेलंगणभर व्यापक केलें. तरुण पिढीच्या हाडांचें रक्षण होण्यास याचें साहाय्य होईल; ज्यांचीं हाडें आधींच वांकलीं त्यांना मात्र कोणताहि नळ सरळ करूं शकत नाहीं.

तर मग नागपूरचें संशोधन व्यर्थ गेलें काय? माझ्या मतें मुळींच नाहीं. नदी प्रत्येक गांवाजवळून वाहत नाहीं. नळ फुटतात, धरणें आटतात. जेथें दुसरा उगमच नाहीं तेथें जमिनींतील पाणी शुद्ध करूनच प्यावें लागणार, आणि तें स्वस्त साधनांनीं करतां येतें हें या संशोधकांनीं सिद्ध करून दाखविलें आहे. परंतु या इतिहासानें एक क्रम घालून दिला आहे. आधीं प्रत्येक विहीर तपासावी आणि तिचा निकाल लोकांना कळवावा; जवळ निर्दोष उगम असेल तर तो घ्यावा; आणि तोहि नसेल तर शुद्धीकरण करावें, पण तें कोण करणार व त्याचें वेतन कोण देणार हें पहिल्याच दिवशीं लिहून ठेवावें. बांगलादेशांत विहिरींच्या पाण्यांत सोमल आढळला तेव्हां लक्षावधि नळकूप तपासून सदोष नळकूपांच्या तोंडांना तांबडा आणि निर्दोषांना हिरवा रंग देण्यांत आला. रंगाच्या त्या फटकाऱ्यानें पाण्यांतील एक कणहि कमी झाला नाहीं. तरी पुष्कळ कुटुंबांनीं तो पाहून शेजारच्या हिरव्या नळकूपाची वाट धरली.

हा विषय दूरच्या खेड्यांचा आहे असें समजून शहरांतील कुटुंबांनीं निश्चिंत राहूं नये. आपल्या महाराष्ट्रांतहि चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गांवांच्या पाण्यांत फ्ल्युओराइड मर्यादेबाहेर आढळलें आहे. आणि आतां शहरांतील मोठमोठ्या इमारतींच्या आवारांत विंधन विहिरी आहेत. उन्हाळ्यांत टँकरनें जें पाणी येतें तें कोणत्या विहिरीचें, हें आपण सहसा विचारीत नाहीं. घरांत बसविलेलें आरओ यंत्र फ्ल्युओराइड पुष्कळ अंशीं काढतें हें खरें. पण तें बरेंचसें पाणी वायां घालवितें, आणि त्याचा पडदा वेळेवर बदलला नाहीं तर त्याचा भरवसा राहत नाहीं. म्हणजे येथेंहि यंत्र विकत घेणें सोपें, त्याची निगा राखणें कठीण. वर्षांतून एकदां पाण्याचा नमुना प्रयोगशाळेंत पाठवून फ्ल्युओराइडचा आंकडा कागदावर मागून घेणें, हें प्रत्येक गृहसंस्थेला सहज करतां येण्यासारखें आहे.

आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट व्हावी. आपल्या गांवीं, आपल्या आप्तांच्या शेतावर, आपल्या मुलांच्या आजोळीं जो हातपंप आहे, त्याच्या पाण्याचा आंकडा काय, हेंहि आपण विचारावें. लहान मुलांचे पुढचे दांत खडूसारखे पांढरे अथवा तपकिरी डागांचे दिसूं लागले, तर ती पहिली सूचना समजावी. त्या वेळीं पाण्याचा उगम बदलला तर हाडें वांचविण्यास अद्याप अवकाश असतो. मॅकेला डागापासून कारणापर्यंत पोंचण्यास तीस वर्षें लागलीं. आपल्याला एका आठवड्यांत पोंचतां येतें. नमुना घेऊन जाणारें माणूस तेवढें पाहिजे.